तुकडा तपासायला पाठवला का?

माझ्या नाकातून पहिल्यांदा काढलेलं मांस कुठं गेलं, हे मी स्वतः पाहिलं आहे. फक्त जागा बधिर केली होती, त्यामुळे मी पूर्ण शुद्धीत होतो. चिमट्यात लालभडक गोळा आला, स्टीलच्या ट्रेमध्ये पडला आणि रक्तावरून थोडा घसरला. नाकात पट्टी भरून झाल्यावर मावशींनी ट्रे उचलला आणि पिवळी पिशवी लावलेल्या बादलीत उलटा केला. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. नको होतं ते अंगातून निघालं, कचऱ्यात गेलं. डिस्चार्जच्या कागदावर ‘नेझल पॉलिप, काढला’ एवढंच लिहिलं होतं. ही जानेवारी 2022 ची गोष्ट. त्या गोळ्याचं खरं नाव कळायला पुढं जवळपास दोन वर्षं गेली, आणि तोवर तो पुन्हा वाढून बसला होता.

मी गोंदिया जिल्ह्यातला, प्राथमिक शाळेत शिक्षक. आमचं घर ढिवराचं. बाबा अजूनही मच्छीमार संस्थेचे सभासद आहेत आणि अडुसष्टाव्या वर्षी पहाटे जाळं घेऊन निघतात. आमच्या गावाचा तलाव जुना, मालगुजारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या काळातला. पूर्व विदर्भात असे तलाव हजारोंनी आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी पाळी, म्हणजे मातीचे बांध, घालून पाणी अडवलं आणि त्यावर धानाच्या बांध्या पिकवल्या. नवेगाव बांध सगळ्यांना ठाऊक असतो; आमचा तलाव त्याच्यापुढं लहान, पण गावाचं सगळं त्याच्यावरच चालतं. एका बाजूला म्हशी बसतात, दुसऱ्या बाजूला बाया धुणं धुतात, मधल्या घाटावर माणसं आंघोळ करतात. पलीकडच्या कोपऱ्यात शिंगाड्याचा वेल.

लहानपणी आमचा एक खेळ होता. पाळीवरून सूर मारायचा, थेट तळाला जायचं आणि मूठभर चिखल घेऊन वर यायचं. मूठ उघडून दाखवल्याशिवाय कुणी मानत नसे. वर आलो की नाकातोंडातून गढूळ पाणी निघायचं, नाक झणझणायचं, आणि आम्ही पुन्हा पाळीकडं धावायचो. मोठा झालो तरी तलाव सुटला नाही. शाळेत जायच्या आधी रोज अर्धा तास पोहणं हा माझा नेम होता. लॉकडाऊनमध्ये शाळा बंद होती, तेव्हा तर सकाळ-संध्याकाळ पाण्यातच.

2021 च्या उन्हाळ्यात घोळणा फुटायला लागला. आमच्याकडं उन्हाळ्यात घोळणा फुटणं नवं नाही. आईनं डोक्यावर थंड पाणी ओतलं, दूर्वांचा रस नाकात सोडला. रक्त थांबायचं आणि चार-आठ दिवसांनी पुन्हा यायचं. ते नेहमी उजव्याच नाकपुडीतून येतं, हे मला पहिल्यांदा शाळेत जाणवलं. फळ्यावर लिहिताना पांढऱ्या सदऱ्यावर उजव्या बाजूला थेंब पडले होते. पुढच्या काही महिन्यांत ती नाकपुडी बंद होत गेली. कुशीवर झोपलो की तोंड उघडं पडायचं, सकाळी घसा कोरडा. शिंकरलं की चिकट, किंचित गुलाबी पाणी यायचं.

नाकात टाकायचे थेंब झाले, ॲलर्जीच्या गोळ्या झाल्या. मग एका खासगी दवाखान्यात ‘मांस वाढलंय, काढून टाकू’ असं सांगण्यात आलं आणि वर लिहिलं ते ऑपरेशन झालं. रक्त बरंच गेलं. एवढ्याशा नाकातून इतकं रक्त का, असं मी विचारलं, तर नाकात रक्तवाहिन्या जास्त असतात असं उत्तर मिळालं. ते खरंही आहे. मला त्या डॉक्टरांवर राग काढायचा नाही. नाकात वाढलेलं मांस बहुतेक वेळा साधंच असतं, हेही खरं. पण काढलेला तुकडा तपासणीला गेला असता, तर काही दिवसांत सगळं कळलं असतं. त्या तपासणीचा खर्च माझ्या ऑपरेशनच्या बिलापुढं किरकोळ होता, आणि तो मी आनंदानं दिला असता.

नाक मोकळं झालं. जखम भरल्यावर मी पुन्हा पाण्यात उतरलो. कुणी नको म्हटलं नव्हतं.

दीड वर्षानं, 2023 च्या रोवणीच्या दिवसांत, तीच नाकपुडी, तेच रक्त. या वेळी बायको म्हणाली, “आता इथं नको, सरळ नागपूरला चला.” नागपूरच्या डॉक्टर मॅडम वयानं माझ्याएवढ्याच असतील. त्यांनी नाकात दुर्बीण घालण्याआधी विचारलं, “गाव कुठलं? आंघोळ कुठं करता?”

मी म्हटलं, “तलावात.”

“जनावरंही त्यातच असतात?”

“हो.”

त्यांनी मान डोलावली. मग दुर्बीण घातली आणि पडद्यावर माझं नाक मला दाखवलं. आतल्या भिंतीला धरून एक गुलाबी-लाल गोळा होता, पिकत आलेल्या तुतीसारखा खडबडीत, आणि त्याच्यावर पांढरे-पिवळे बारीक ठिपके. जणू कुणी रवा भुरभुरला होता. दुर्बिणीचं टोक नुसतं घासलं तरी कडेनं रक्त झिरपायला लागलं. मॅडम म्हणाल्या, “साधा पॉलिप फिका असतो, द्राक्षासारखा, आणि असा रक्ताळत नाही. हे ठिपके बघा. हा मला ऱ्हायनोस्पोरिडिओसिस वाटतोय. मागच्या वेळचा बायोप्सीचा रिपोर्ट आहे?”

मी पिशवीतून तो डिस्चार्जचा कागद काढला. त्यांनी तो दोन्ही बाजूंनी पाहिला आणि विचारलं, “तुकडा तपासायला पाठवला नव्हता का?”

बादलीत उलटा झालेला ट्रे मला तेव्हा आठवला.

रोगाचं नाव मला तिथं धड उच्चारता आलं नाही. चिठ्ठीवर लिहून घेतलं आणि गाडीत बसून पाठ केलं. पुढच्या भेटीत मी प्रश्नांची यादीच नेली. मॅडमनी कंटाळा न करता सगळं सांगितलं, आणि थोडं मी स्वतः वाचून काढलं.

हा रोग जंतूमुळे होतो, आणि तो जंतू साचलेल्या पाण्यात आणि ओल्या मातीत असतो असं मानतात. अर्जेंटिनातल्या ब्युनोस आयर्समध्ये गिलेर्मो सीबर यांनी 1900 मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून जंतूचं नाव ऱ्हायनोस्पोरिडियम सीबेरी. पण त्याचं खरं बस्तान आपल्याकडं आहे. जगातले सर्वाधिक रुग्ण भारतात आणि श्रीलंकेत सापडतात. आपल्या देशात तमिळनाडू, केरळ, छत्तीसगड, पश्चिम बंगाल या भागांत. छत्तीसगडची हद्द आमच्या गावापासून लांब नाही, आणि तलावात आंघोळ करायची रीत दोन्हीकडं सारखीच. महाराष्ट्रातली नोंदही जुनी आहे. पुण्यात पाण्यातून वाळू काढणाऱ्या कामगारांमध्ये हा रोग आढळल्याचं ए. जे. नोरोन्हा यांनी 1933 मध्येच छापलं होतं. ते वाचताना पोटात कालवलं. नव्वद वर्षांपूर्वी आपल्याच राज्यात, पाण्यात बुडून पोट भरणाऱ्या माणसांच्या नाकात हेच होतं.

बराच काळ याला बुरशी समजत. 1999 मध्ये त्याच्या जनुकीय तपासणीवरून कळलं की तो बुरशी नाही. माशांना त्रास देणाऱ्या काही सूक्ष्म परजीवींच्या कुळातला आहे. प्रयोगशाळेत त्याला नेहमीच्या पद्धतीनं वाढवता येत नाही. त्यामुळे घशातला जंतू वाढवून बघतात तशी चाचणी इथं उपयोगाची नाही. काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघणं, हाच निदानाचा भरवशाचा मार्ग.

माशांच्या परजीवींचं ऐकून बाबा अस्वस्थ झाले. “म्हंजे आपल्या मासोळीपासून झालं का रे बाबू तुले?” मी मॅडमना मुद्दाम विचारलं. त्या म्हणाल्या, मासे खाऊन हा होत नाही, आणि माणसाकडून माणसालाही लागत नाही. एकाच ताटात जेवा, एकाच खाटेवर झोपा, काही होत नाही. नाकाच्या आतल्या नाजूक त्वचेला बारीकशी खरचट असली आणि तिथं असं पाणी लागलं, तर जंतू शिरतो असा अंदाज आहे. तळाची रेती नाकात ओढत सूर मारणारा पोरगा मला लगेच डोळ्यांपुढं दिसला. पण मग बाबांना का नाही झालं? सगळं आयुष्य पाण्यात घालवलेल्या माझ्या काकांना का नाही? एकाच पाण्यात आंघोळ करणाऱ्या शंभरांतल्या एखाद्यालाच हा का गाठतो, त्याचं उत्तर वैद्यकशास्त्रालाही अजून मिळालेलं नाही, असं मॅडमनी सरळ सांगितलं. त्यांचं ते सरळ बोलणं मला फार धीर देऊन गेलं.

ऑपरेशन नोव्हेंबर 2023 मध्ये झालं. आधी सीटी स्कॅन, गोळा मागं घशाकडं किती गेला आहे ते बघायला. एक रक्ताची पिशवी तयार ठेवायला सांगितली. शाळेतले एक सहकारी बदली रक्त देऊन आले. ओपीडीत आधी छोटा तुकडा काढून का तपासत नाही, असं मी विचारलं होतं. मॅडमचं म्हणणं, याला उगाच डिवचलं तर रक्त थांबवणं अवघड जातं, त्यापेक्षा एकदाच पूर्ण काढू आणि सगळाच तपासू. दुसरी गोष्ट त्यांनी हातानं दाखवून समजावली: गोळा ओढून तोडायचा नाही. तो फुटला तर आतले बीजाणू शेजारच्या त्वचेवर सांडतात आणि तिथं नवी वाढ सुरू होऊ शकते. मुळाशी जाऊन, कडेची थोडी चांगली त्वचा धरून काढायचा आणि ते मूळ कॉटरीनं जाळायचं. याच्यावर गोळ्यांनी काम भागत नाही. ऑपरेशन हाच मुख्य उपाय.

पूर्ण भूल होती, त्यामुळे ऑपरेशनचं मला काही आठवत नाही. आठवतं ते दोन दिवसांनी नाकातला पॅक काढणं. हातभर पट्टी नाकातून निघत राहते आणि डोळ्यांतून आपोआप पाणी येत राहतं. बायकोनं माझा हात धरला होता. तिच्या दुसऱ्या हातात प्लास्टिकची बाटली होती. फॉर्मॅलिनमध्ये बुडालेला माझा तुकडा दुसऱ्या इमारतीतल्या पॅथॉलॉजीला ऑपरेशनच्याच दिवशी तिनं नेऊन दिला होता, ही बाटली साध्या पाण्याची होती, पण मी गुंगीत तिला म्हणालो, “अजून दिला नाहीस का?” ती घाबरलीच. नंतर कितीतरी वेळा तिनं मला पोचपावती दाखवली.

रिपोर्ट घ्यायला मी स्वतः गेलो. शिक्षक आहे आणि मुलांना सूक्ष्मदर्शक दाखवतो म्हटल्यावर तिथल्या डॉक्टरांनी मला स्लाइड बघू दिली. आयुष्यात विसरणार नाही. गुलाबी-जांभळ्या पार्श्वभूमीवर जाड भिंतीच्या गोल पिशव्या, लहान, मध्यम, मोठ्या. मोठ्यांच्या आत मोहरीसारखे दाणे गच्च भरलेले. एक पिशवी एका बाजूनं फुटली होती आणि तिच्यातून दाणे बाहेर ओघळत होते. “हेच बीजाणू,” डॉक्टर म्हणाले. पिकलेली पिशवी 100 ते 350 मायक्रॉनची, म्हणजे मोठी असेल तर मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढी. म्हणूनच त्या नुसत्या डोळ्यांना पांढऱ्या ठिपक्यांसारख्या दिसतात. मी जागेवरून उठेना, तेव्हा त्यांना मागच्या पेशंटची आठवण करून द्यावी लागली. इतकं स्पष्ट, इतकं ओळखू येणारं चित्र. पहिल्या गोळ्यातही हे सगळं असंच बसलेलं असणार, आणि तो कुणी पाहिलाच नाही.

खरी परीक्षा पुढं होती. रोग परत येऊ नये म्हणून मॅडमनी डॅप्सोनच्या गोळ्या लिहिल्या, 100 मिलिग्रॅम, रोज एक, वर्षभर. सगळ्यांनाच देतात असं नाही, पण माझा एकदा उलटून आलेला होता. सुरू करण्याआधी जी-सिक्स-पीडी या विकराची (एन्झाइमची) रक्ततपासणी सक्तीची. ते विकर शरीरात कमी असेल तर या औषधानं रक्तपेशी फुटतात. माझी नॉर्मल आली. तरीही पहिल्या महिन्यात दर आठवड्याला रक्त तपासायचं, अंगावर पुरळ किंवा ताप आला तर गोळी बंद करून तडक यायचं, असं बजावलं होतं. दोन महिन्यांत माझं हिमोग्लोबिन 13.6 वरून 11.4 वर आलं. ओठ किंचित निळसर दिसायला लागले, जिना चढताना दम लागायचा. मॅडमनी डोस न बदलता लक्ष ठेवलं, हळूहळू आकडा स्थिरावला.

पण शरीराचा त्रास सोसणं सोपं होतं. डॅप्सोन हे कुष्ठरोगाचं जुनं औषध, आणि आमचा भाग कुष्ठरोगाशी फार जवळून ओळख असलेला. गावातल्या आशाताईंनी, म्हणजे आशा आरोग्यसेविकेनं, माझ्याकडं ती गोळ्यांची पट्टी पाहिली आणि ओळखली. त्यांनी काळजीनंच विचारलं होतं, “सर, कुठं चट्टा आला का?” पण ते बोलणं किराणा दुकानात झालं. आठ दिवसांत एक पालक मुलीची टीसी मागायला आले. कारण सांगेनात, खाली बघत राहिले.

मला रात्रभर झोप नाही. माझ्या मनात दोन गोष्टी भांडत होत्या. ‘मला तो रोग नाही’ असं ओरडून सांगावं, असं एक मन म्हणत होतं. आणि ज्यांना तो खरंच आहे, त्यांच्या तोंडावर मी दार लावतोय का, असं दुसरं. आनंदवन आमच्याच विदर्भात, बाबा आमट्यांचा धडा मीच वर्गात शिकवतो. शेवटी पालकसभेत मी दोन्ही सांगितलं. मला काय झालंय ते, स्लाइडचं चित्र फळ्यावर काढून. आणि कुष्ठरोग औषधानं पूर्ण बरा होतो, उपचार सुरू झाल्यावर त्याची लागण लवकरच थांबते, त्यामुळे तो मला असता तरी उपचार घेऊन मी शिकवतच राहिलो असतो, हेही. आशाताई माझ्या शेजारी उभ्या राहून बोलल्या. ती मुलगी आता सातवीत आहे, आमच्याच शाळेत.

तलाव सुटला. हे लिहायला एक ओळ पुरते. प्रत्यक्षात पहाटे साडेपाचला जाग यायची आणि पाय आपोआप दाराकडं जायचे. घरी विहिरीच्या पाण्यानं बादलीतून आंघोळ करतो. बाबांना जाळं ओढायला मदत लागली तर गुडघाभर पाण्यापर्यंतच जातो. पहिल्या दिवशी बाबा म्हणाले, “पानी कोनाचं वाईट नाही करत, बाबू.” मी वाद घातला नाही. मलाही तलावाला दोष द्यायचा नाही. त्याच पाण्यानं मला वाढवलं. पण शाळेतल्या पोरांना मी आता सांगतो: पोहा, पण तळाचा चिखल काढायला जाऊ नका, सूर मारताना नाक धरा, म्हशी बसतात त्या बाजूला उतरू नका, आणि एकाच नाकपुडीतून सारखं रक्त आलं तर लपवू नका. घाटापाशी हातपंप बसवावा म्हणून ग्रामपंचायतीला दोनदा अर्ज दिलाय. तिसराही देणार आहे.

2025 मध्ये केरळमधल्या अमीबाच्या मेंदूज्वराच्या बातम्या आल्या तेव्हा नातेवाइकांचे फोनच फोन. “नाकात पाणी गेलं की मेंदूत जातं म्हणे, तुझंही तेच का?” तेच नाही. तो अमीबा वेगळा. तो नाकातून मेंदूकडं जातो आणि बहुतेक वेळा थोड्या दिवसांत जीव घेतो. माझा जंतू नाकात ठाण मांडून वर्षानुवर्षं हळूहळू वाढतो, रक्त काढतो, वाट बुजवतो. कधी तो डोळ्याच्या पापणीच्या आतही होतो. जीव जाणं फार दुर्मिळ. दोन्हींत सारखं एवढंच की पाणी नाकातून वर गेलेलं असतं.

डॅप्सोनचं वर्ष नोव्हेंबर 2024 मध्ये संपलं. दर तीन महिन्यांनी दुर्बिणीनं तपासणी, तोवर सगळ्या वेळा स्वच्छ. गेल्या वर्षीच्या सप्टेंबरात मॅडम पडद्याकडं बघता बघता थांबल्या. जुन्या जखमेच्या कडेला, ज्वारीच्या दाण्याएवढं काहीतरी. ठिपका एकच. “लवकर सापडलं,” त्या म्हणाल्या, “हे आजच काढू.” जागा बधिर केली, दुर्बिणीतून मुळासकट काढलं, जाळलं. पंधरा मिनिटं. या वेळी रक्त फारसं आलं नाही.

बाटली मी सिस्टरांकडून मागून घेतली. झाकण घट्ट आहे का पाहिलं. पट्टीवर स्वतःच्या हातानं नाव, वय, तारीख, ‘उजवी नाकपुडी’ असं लिहिलं आणि नाकाला बोळा धरून पॅथॉलॉजीच्या खिडकीपाशी रांगेत उभा राहिलो. खिडकीतल्या ताईंनी फॉर्म पाहिला आणि विचारलं, “कशाची शंका आहे? इथं रिकामं आहे.”

“ऱ्हायनोस्पोरिडिओसिस,” मी म्हणालो.

“हळू सांगा, लिहून घेते.”

मी एकेक अक्षर सांगत गेलो.